तीजनबाईंची पहिली बिदागी

कलावंतांच्या त्यागाच्या कथा आपणां मराठी माणसांना फार प्रिय आहेत. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. आणि तरीही ठरल्याप्रमाणे ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यातील दुःख खरे आणि कर्तव्यनिष्ठाही खरी. तथापि अशा कथांची एक ठरावीक घडण असते. एका बाजूस घर, दुसऱ्या बाजूस कला आणि मध्ये उभा असलेला कलावंत. तो आपल्या मनाशी निर्णय घेतो आणि रसिकसमाज त्या निर्णयापुढे मान लववितो.

आज मला जी हकीगत सांगावयाची आहे ती या घडणीत नीटशी बसत नाही. ती एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीची आहे. तिच्यापाशी मंडळी नव्हती, नाट्यगृह नव्हते, रसिकसमाजही नव्हता. घर हवे की कला हवी, असा प्रश्न तिला कोणी आदराने विचारला असेही नाही. ही मुलगी म्हणजे पुढे देशोदेशी कीर्ती पावलेल्या पंडवानी-गायिका तीजनबाई. आणि या हकीगतीचे स्थळ आहे छत्तीसगढातील भिलाईचा परिसर.

हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर चालून गेल्या, आणि तेव्हापासून छत्तीसगढचे भवितव्य नागपूरशी जोडले गेले. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तरी हा संबंध तुटला नाही. मध्यप्रांताची राजधानी नागपूर. आणि स्वातंत्र्यानंतर ज्या मध्यप्रदेशात दुर्ग जिल्हा होता त्याचीही राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, नागपूर हीच होती. आजही नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी स्थानके मागे टाकीत आपण भिलाईस पोहोचतो.

भिलाईचे नाव अर्वाचीन इतिहासात आले ते पोलादाच्या कारखान्यामुळे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार व सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना या भातशेतीच्या सपाटीवर उभारावयाचे ठरले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आणावयाचे, तंत्रज्ञ रशियातून यावयाचे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. स्वतंत्र भारताने ज्या गोष्टींकडे अभिमानाने बोट दाखविले त्यांत भिलाईचे स्थान फार वरचे होते.

हा कारखाना उभा राहत असतानाच, २४ एप्रिल १९५६ रोजी, भिलाईपासून सुमारे चौदा किलोमीटरवरील गनियारी या खेड्यात चुनुकलाल व सुखवती या पारधी दांपत्याच्या पोटी तीजनचा जन्म झाला. पाच भावंडांत ती थोरली. पारधी हे नाव महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत या जमातीच्या काही शाखांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यानंतरही तो डाग पुसून निघण्यास फार काळ लागला. छत्तीसगढातील पारधी पाखरे धरीत, छिंदाच्या म्हणजे शिंदीच्या पानांच्या चटया आणि केरसुण्या करून पोट भरीत. अशा घरात मुलीला शाळेत घालावयाचा प्रश्नच नव्हता. तीजन शाळेत गेली नाही. परंतु शाळेत न जाताही तिच्या कानी एक मोठा ग्रंथ पडत होता.

तिचे आईकडील आजोबा ब्रिजलाल पारधी हे महाभारत गात असत. सबलसिंह चौहान यांनी दोहा-चौपाईत रचलेले महाभारत त्या भागात विशेष प्रचलित आहे. त्याच्या आधाराने, पण आपल्या छत्तीसगढी बोलीत, पांडवांच्या कथा गाऊन सांगावयाच्या, या प्रकारास पंडवानी म्हणतात. मराठी श्रोत्यांना याची कल्पना यावयाची असेल तर आपले आख्यान लावणारे कीर्तनकार, गोंधळी आणि शाहीर या तिघांना एकत्र आणून पाहावे. मुख्य गायक एकच. त्याच्या हाती मोरपिसांनी सजविलेला तंबोरा आणि करताल. शेजारी साथीदार, त्यांपैकी ज्याला ‘रागी’ म्हणतात तो आपल्या झीलकऱ्यासारखा गायकाचे शब्द उचलतो, हुंकार भरतो, मध्येच अजाणपणाचा आव आणून प्रश्न विचारतो, आणि कथा पुढे सरकते. पडदा नाही, रंगपट नाही, पोशाख बदलणे नाही. गायकच भीम, गायकच दुःशासन, गायकच द्रौपदी. हातातला तो तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य होतो, आणि क्षणात द्रौपदीचे मोकळे केस होतो. म्हणून पंडवानीकाराला नुसता गायक म्हणणे अपुरे आहे. तो नटही आहे, आणि सबंध नाटकमंडळीचे काम त्या एकट्याच्या अंगावर असते.

या कलेत दोन पद्धती मानल्या जातात. एक वेदमती आणि दुसरी कापालिक. वेदमती पद्धतीत गायक बसून, ग्रंथाला धरून कथा सांगतो. कापालिक पद्धतीत तो उभा राहतो, वावरतो, आवेशाने अभिनय करतो, आणि कथेत आपल्या कल्पनेची भर घालतो. स्त्रिया गात त्या बसूनच गात. उभे राहून, मांडी ठोकून, गदा पेलून गाणे हे पुरुषांचे काम, अशी रूढी होती.

ब्रिजलालांचे गाणे ऐकता ऐकता तीजनला कथाच्या कथा मुखोद्गत झाल्या. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून तिला काही अनौपचारिक शिक्षण मिळाले. (देशमुख हे आडनाव ऐकून हे गृहस्थ आपल्याकडचे असावेत असे वाटेल, परंतु दुर्गच्या बाजूस छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकरी कुळांतही हे आडनाव आढळते.) मुलीने घरातल्या घरात गुणगुणणे आणि चारचौघांत गाणे यांत मात्र मोठे अंतर असते. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाराव्या वर्षी तीजनचे लग्न झाले. आता ती सून होती, आणि सुनेने लोकांसमोर गाणे जमातीला मान्य होण्याजोगे नव्हते. तीजन गाणे सोडीना. शेवटी जमातीने तिला वाळीत टाकले.

‘वाळीत टाकणे’ हे दोन शब्द आपण सहज उच्चारतो. त्यांचा अर्थ मात्र खेड्यात राहिलेल्यालाच कळतो. ज्याच्यापाशी शेती नाही, शिक्षण नाही, सरकारदरबारी ओळख नाही, त्याच्यापाशी जमात हीच एक मालमत्ता असते. आजारात, अडचणीत, लग्नात आणि मरणात धावून येणारी माणसे तीच. ती गेली म्हणजे सारे गेले. मोठ्या माणसालाही हा घाव पेलत नाही. येथे तर ती बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. सासरी ती नांदावयास गेलीच नाही, आणि पुढे तो संबंध संपला. तिने स्वतःसाठी एक लहानशी झोपडी उभी केली आणि ती एकटी राहू लागली. घरात भांडे नव्हते, धान्य नव्हते. शेजाऱ्यांकडून भांडी आणि खाण्याचे जिन्नस उसने आणावयाचे आणि दिवस काढावयाचा. ही हकीगत तीजनबाईंनी स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे.

याच सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १९६९ च्या आसपास, दुर्गजवळच्या चंद्रखुरी या गावी तिने लोकांसमोर पहिल्याने पंडवानी सादर केली. बिदागी दहा रुपये. आणि ती गायली ती उभी राहून, कापालिक पद्धतीने. या पद्धतीने जाहीरपणे गाणारी ती पहिली स्त्री, असे तिच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते.

येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. बसून गाणारी स्त्री चालते आणि उभी राहून गाणारी चालत नाही, असे का व्हावे? कथा तीच, देव तेच, श्रोतेही तेच. मला वाटते याचे कारण असे की, बसून गाणारी स्त्री कथा ‘सांगत’ असते. ती पुराण सांगते, व्रताची कहाणी सांगते, तशीच ही एक. पण उभी राहिलेली स्त्री कथा सांगत नाही. ती भीम ‘होते’. भीमाचा राग तिचा होतो, भीमाची गर्जना तिच्या कंठातून निघते, आणि समोर बसलेल्या पुरुषांना तिच्याकडे मान वर करून पाहावे लागते. रूढीला धक्का बसला तो स्वरामुळे नव्हे. या उभे राहण्यामुळे बसला.

आता आपल्या रंगभूमीकडे पाहा. पुरुषांनी स्त्रीभूमिका कराव्या हा तर आपल्याकडील अनेक दशकांचा परिपाठ. प्रारंभी नाटकवाल्यांनाही समाजाने दूरच ठेवले होते, ‘नाटक्या’ ही शिवीच होती, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे पुरुषाने स्त्री होणे हे कौतुकाचे झाले. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, त्यांची केशरचना, त्यांचे चालणे यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले. उलट स्त्रीने स्वतः रंगभूमीवर येणे मात्र फार काळ लांछन ठरले. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले, कारण त्या कामास स्त्री मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, आणि दुर्गाबाईंना ज्ञातीच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात कुलीन घरांतील स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा ती गोष्ट नाट्येतिहासात नोंदण्याइतकी विशेष मानली गेली. म्हणजे ज्या समाजाला पुरुषाने स्त्री होणे मोहक वाटले, त्याला स्त्रीने स्वतः स्त्रीची भूमिका करणेही सोसवले नाही. मग एका पारधी मुलीने भीम होणे गनियारीला सोसवले नाही, यात नवल काय? गनियारीला नावे ठेवण्यापूर्वी पुण्या-मुंबईचा हा इतिहास आपण आठवलेला बरा.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. छत्तीसगढच्याच मातीतील, रायपूरला जन्मलेले नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी गावोगावच्या लोककलावंतांना आधुनिक रंगभूमीवर आणण्याचे मोठे कार्य केले. त्यांच्या दृष्टीस तीजनबाई पडल्या. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर त्यांचे गायन झाले. १९८० नंतरच्या दशकात फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा अनेक देशांत त्यांनी पंडवानी पोहोचविली. श्याम बेनेगल यांच्या १९८८ मधील ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेत महाभारताच्या कथाभागात त्यांचे दर्शन सबंध देशाला झाले. त्याच दशकात पद्मश्री, १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानातील फुकुओका पारितोषिक, २०१९ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. आणि ज्या पोलाद कारखान्याची उभारणी त्यांच्या जन्माच्या वेळी चालू होती, त्याच भिलाईच्या कारखान्याने त्यांना आपल्या सेवेत सामावून घेतले.

मी सरकारी नोकर आहे. आमच्याकडे माणसाचे सेवापुस्तक नेमणुकीच्या तारखेपासून सुरू होते. बढती, वेतनवाढ, गौरव या साऱ्यांच्या नोंदी त्यात असतात. त्यापूर्वी तो माणूस कसा जगला याला तेथे रकाना नसतो. सन्मानांच्या याद्याही अशाच असतात. २००३, २०१८, २०१९ ही साले कोणालाही सापडतील. पण ज्या सालांत त्या झोपडीत उसन्या भांड्यात भात शिजला त्या सालांना नोंद नाही. आणि मला तर वाटते, कलेचा इतिहास लिहावयाचा असेल तर तो तेथूनच सुरू केला पाहिजे.

आणि तो लिहिताना ‘त्याग’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. कलेसाठी तीजनबाईंनी घराचा त्याग केला असे म्हणणे कानाला गोड लागते. पण वस्तुस्थिती अशी नाही. घर त्यांनी टाकले नाही. घराने त्यांना टाकले. जमात त्यांनी सोडली नाही; जमातीने त्यांना सोडले. त्यांनी केले ते एवढेच की, जे आपले आहे असे त्यांच्या मनाने ठरविले होते ते सोडावयाचे नाकारले. याला त्याग म्हटले की दोष कोणाचाच राहत नाही. मुलगी थोर ठरते, ज्यांनी तिला बाहेर काढले ते नामानिराळे राहतात, आणि आपण श्रोते डोळे पुसून घरी जातो. बालगंधर्वांच्या त्या दिवशीच्या दुःखाला कोणी जबाबदार नव्हते. मृत्यूपुढे कोणाचे चालत नाही. तीजनबाईंची उपासमार मात्र माणसांनी ठरवून घडविलेली होती, आणि ती माणसांना टाळता आली असती. या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली घालणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य नाही.

कोणी म्हणेल, हे सोसले म्हणूनच त्या एवढ्या मोठ्या झाल्या. सोने तापल्यावाचून उजळत नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांचे नाव झाले त्यांचीच कथा आपल्यापर्यंत येते. तेराव्या वर्षी ज्यांनी मान खाली घातली, झोपडीत दिवस काढणे ज्यांना जमले नाही, शेजारच्या घरी ज्यांना मूठभर तांदूळ मिळाले नाहीत, अशा किती मुलींचा आवाज भातशेतांच्या बांधावरच विरून गेला असेल, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. कष्टाने कलावंत घडतो हे खरे. पण तो कष्ट रियाजाचा. बहिष्काराने आणि भुकेने कलावंत घडत नाहीत. काही त्यांतून वाचतात, इतकेच.

महाभारतातही एक सभा आहे. भीष्म, द्रोण, विदुर, सारे तेथे आहेत. द्रौपदी प्रश्न विचारते आणि त्या सभेतील थोर माणसे निरुत्तर होतात. तीजनबाईंच्या आख्यानांत हे द्रौपदीचे प्रकरण आणि त्याचा सूड म्हणून भीमाने केलेला दुःशासनवध विशेष गाजले. ते ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राही. गळ्याच्या ताकदीचा तो परिणाम होता, यात शंका नाही. पण आपल्याविरुद्ध बसलेली सभा कशी असते हे ज्या बाईने लहान वयात पाहिले होते, तिच्या तोंडून तो प्रसंग येत होता, ही गोष्टही विसरता येत नाही.

मात्र त्या हकीगतीत सभा होती तसे शेजारीही होते. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ते सुधारक नव्हते, त्यांनी रूढीविरुद्ध भाषणे केली नाहीत. दारात आलेल्या मुलीला त्यांनी भांडे दिले, तांदूळ दिले. ज्या कलेला पुढे राष्ट्राने मानाचे पान दिले, ती कला जगविण्यात शासनाच्या आधी, अकादमीच्या आधी, या लोकांचा हात लागला. चंद्रखुरीच्या ज्या श्रोत्यांनी एका मुलीला उभी राहून गाताना ऐकले आणि तिला दहा रुपये बिदागी दिली, त्यांचेही ऋण असेच आहे. पोलादाच्या भट्टीचे उद्घाटन कोणी केले हे इतिहास लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दहा रुपयांची नोंदही त्याच इतिहासात असावी.

आपल्या आळीत, आपल्या नात्यात, एखादी मुलगी असे काही करू पाहत असेल जे तिच्या घरच्यांना रुचत नाही. ती पुढे तीजनबाई होईल की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते पाहण्याचे आपल्याला कारणही नाही. तिच्यापाशी त्यागाची थोरवी गाण्यापेक्षा, तिला घर सोडावे लागणार नाही एवढी व्यवस्था आपण केली, तर ते अधिक उपयोगाचे होईल.